शुक्रवारची प्रार्थना आणि बाहेर गेलेली गोष्ट

भांडुपच्या एका भगिनीचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीचा भांडुप-कांजूरचा गट दर शुक्रवारी रात्री आठ वाजता कोणाच्या तरी घरी जमतो. गाणी, बायबलमधलं वचन, एकेकाच्या प्रार्थना विनंत्या, मग चहा. दोन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी गटाची जबाबदारी माझ्यावर टाकली. यादीत सोळा नावं आहेत, येतात सहा-सात. एक निवृत्त मास्तर आहेत, ते वचनावर बोलायला लागले की चाळीस मिनिटं थांबत नाहीत. वर 'बाईमाणसाने वचन सांगावं का' हेही ऐकवतात. मागच्या महिन्यात एका बहिणीने रडत रडत सांगितलं की मुलगा दारू प्यायला लागलाय, नोकरी गेली. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात तिघीजणी तिच्याजवळ गेल्या, 'आम्ही प्रार्थना करतोय हं मुलासाठी' म्हणाल्या. त्या तिघी आमच्या गटातल्या नव्हेत. त्या दिवसापासून ती येत नाही. एका भावाने गटातल्याच दुसऱ्याकडून पैसे उसने घेतले, आता दोघंही गायब. पाळकसाहेब म्हणतात, जूनपर्यंत एका गटाचे दोन करा. मला तर सगळं सोडून द्यावंसं वाटतंय. ता. क. ढोलकीवरून शेजारी कुरकुरतात, काय करावं?"

प्रिय भगिनी, जय ख्रिस्त.

सोडायचं की नाही ते खाली बोलू. आधी त्या बाईंच्या घरी जाऊन या. फोन नको, मेसेज तर नकोच. एकट्या जा, बरोबर पाळकीणबाई नकोत की बायबल नको. जाऊन एवढंच म्हणा, "तुमची गोष्ट आमच्यातून बाहेर गेली. गट माझ्याकडे आहे, तेव्हा जबाबदारी माझी. मला फार वाईट वाटलं." पुढे त्या रागावल्या तर रागावू द्या, गप्प राहिल्या तर तुम्हीही गप्प बसा. मुलाची चौकशी करू नका. "मग येत्या शुक्रवारी येताय ना?" हे तर त्या दिवशी तोंडातून काढूच नका. गटातली हजेरी वाढवायला आलात असं त्यांना एकदा वाटलं, की परत दार उघडणार नाही.

कोणी फोडलं ते शोधून काढावं असं तुमच्या मनात येईल. नका शोधू. अशा गोष्टी सहसा कोणी वाईट हेतूने फोडत नाही. शुक्रवारी ऐकलेलं शनिवारी नणंदेच्या कानावर जातं, "प्रार्थनेत आठवण ठेव" म्हणून. नणंद ते महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकते, नाव न घेता. पण "भांडुपच्या गटातली एक बहीण, एकुलता एक मुलगा, चांगल्या कंपनीत होता" एवढं लिहिल्यावर नाव लागतं कोणाला? रविवारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं आणि प्रत्येकीला वाटतं, आपण प्रार्थनाच तर केली. तपास करायला गेलात तर आठवडाभर रुसवेफुगवे आणि हाती काही नाही. शिवाय ती गोष्ट पुन्हा एकदा दहा तोंडांतून फिरून येईल.

आणि हे साधं प्रकरण समजू नका. आपला मराठी ख्रिस्ती समाज आहे केवढासा! मुंबईत कुलाब्यापासून कल्याणपर्यंत पसरलेला दिसतो, पण मुळं नगर, जालना, सोलापूर, नाशिककडची आणि सोयरिकी एकमेकांतच. भांडुपला बोललेलं नगरला पोचायला एक फोन पुरतो. त्या मुलाचं लग्न व्हायचं असेल तर "दारू पितो" हे त्याच्या मागे किती वर्षं लागेल, विचार करा. तो दारूतून सुटला तरी स्थळ बघणारी माणसं तेच विचारणार. त्या आईने गटासमोर फक्त दुःख मांडलं नव्हतं, मुलाचं नावच आपल्या हवाली केलं होतं. त्या परत आल्या नाहीत तर त्यांचं काही चुकलं असं मला अजिबात वाटत नाही.

येत्या शुक्रवारी गाण्यांच्या आधी, सगळे बसले की, बोला. साधारण असं: "मागे इथली एक गोष्ट बाहेर गेली. कोणाची, कशी, ते मी विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका. यापुढे इथे ऐकलेलं इथेच राहील. ज्याची गोष्ट त्याने हो म्हटल्याशिवाय घरी नाही, ग्रुपवर नाही, पाळकसाहेबांनाही नाही. हे कोणाला जमणार नसेल तर आत्ता सांगा." मग थांबा. प्रत्येकाने मान हलवेपर्यंत पुढचं गाणं नको. नवीन माणूस आला की त्याच्यासमोर हे पुन्हा म्हणायचं, जुन्यांना कंटाळा आला तरी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर वार, वेळ, पत्ता आणि वाचायचा अध्याय एवढंच. विनंत्या तिथे नकोत. ज्याची विनंती, त्याच्यासाठी तिथल्या तिथे, त्याच बैठकीत प्रार्थना करून टाकायची, तीही दोघा-तिघांच्या घोळक्यात, बायका बायकांत आणि पुरुष पुरुषांत. सोळा जणांपुढे जे निघत नाही ते तिघांत निघतं, आणि तीनच कानांवर पडलेलं पोटात राहायलाही सोपं जातं.

पण पोटात ठेवण्याला मर्यादा आहे, आणि ती गटाला आधीच सांगून ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ते न कळवणं हाच गुन्हा ठरतो. तिथे "मंडळीची अब्रू", "आपसात मिटवू", "क्षमा करू" यातलं काही चालत नाही. मुलांसाठी 1098 हा फोन आहे. नवरा मारतो असं एखादीने सांगितलं तर तिला "सोस, प्रभू बघतोय" म्हणणारी जीभ आवरा आणि तिची इच्छा असेल तसं 181 या महिला हेल्पलाइनवर बोलायला मदत करा. जगणं नको झालंय असं कोणी बोललं तर त्याला एकटं घरी पाठवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात. अशा वेळी "हे मी माझ्यापुरतं ठेवू शकत नाही, पण तुला विचारून, तुझ्यासोबत राहून करीन" असं तोंडावर सांगावं. मागून काही करू नये.

मुलाच्या दारूचं म्हणाल, तर गट हा त्यावरचा इलाज नव्हे. मुंबईत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, मराठी बैठका भरतात, कित्येक तर चर्चच्या आणि शाळांच्याच खोल्यांत. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या बैठका असतात. त्या बाईंनी पुढे कधी स्वतःहून विषय काढला तर हे सांगा. तिथे कोण आलं, काय बोललं, हे दाराबाहेर न्यायचं नाही यावर त्यांचं सगळं उभं आहे. आपल्या गटांनी त्यांच्याकडून तेवढं तरी उचलावं.

आता मास्तरकाका. बायबलमधला प्रेषित पौलसुद्धा त्रोवस शहरात मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, तेव्हा लांबण ही परंपरा जुनीच आहे म्हणा. पण काकांना शत्रू करू नका. जन्मभर वर्गापुढे उभा राहिलेला माणूस निवृत्तीनंतर घरी कोणाला सांगणार? सून ऑफिसात, नातू मोबाइलमध्ये. शुक्रवारचे श्रोते त्यांना आठवडाभर पुरतात. म्हणून सगळ्यांसमोर टोकू नका, आधी घरी जाऊन काम द्या: "काका, करिंथ कसलं शहर होतं, हे पत्र कुणाला आणि का लिहिलं, एवढं तुम्ही सुरुवातीला सांगा. सात मिनिटं. मग बाकीच्यांना बोलतं करायचं मी बघते." त्यांना अभ्यास करायला आवडेल आणि सात मिनिटांची बारा झाली तरी चाळीस व्हायची नाहीत. बसायची जागाही तुम्ही ठरवा. समोरासमोर बसलेल्या माणसाशी नजर भिडत राहते आणि त्याला बोलायचा हुरूप येतो. काकांना आपल्या शेजारी घ्या, आणि जी सून कधीच तोंड उघडत नाही तिला समोर. दहा बाय बाराच्या खोलीतही एवढं जमतं. तरीही गाडी सुटलीच, तर हाताला हलकेच हात लावून, "काका, इथे जरा थांबू, ह्यांना काय वाटतं बघू." त्यांच्या वाक्याच्या मधे म्हटलंत तरी चालेल. उद्धटपणा वाटेल, पण बाकी सहा जणांची वेळ ही तुमच्याकडे ठेव आहे.

दुसऱ्यांना बोलतं करायचं तर प्रश्नही तसा हवा. मार्था आणि मरीयेचा उतारा घेतलात (येशू घरी आल्यावर मरीया ऐकत बसली आणि मार्था एकटी राबत राहिली तो) आणि विचारलंत, "यातून आपण काय शिकलो?" तर संडे स्कूलचं पाठ उत्तर येईल आणि सगळे घड्याळ बघतील. त्याऐवजी, "या आठवड्यात तुमच्या घरात मार्था कोण झाली होती, आणि कोणामुळे?" आधी हशा पिकेल. मग कोणीतरी हळूच सांगेल की पाहुणे येणार म्हणून सकाळी पाचला उठले आणि कोणी उठून पाणीसुद्धा विचारलं नाही. तिथून खरी बैठक सुरू होते. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला शांतता सोसत नाही, लगेच आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. बोलणारा आठव्या-नवव्या आकड्याला तोंड उघडतो.

"बाईमाणसाने वचन सांगावं का" याला वाद घालत बसू नका. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल ज्या घरातल्या मंडळीला सलाम सांगतो ते घर प्रिस्किल्ला आणि अक्विल्लाचं, आणि नाव तो आधी तिचं घेतो. अपुल्लोससारख्या विद्वानाला बाजूला घेऊन नीट समजावलं तेही या दोघांनी मिळून. काकांना हे ठाऊक असतं, त्यांना फक्त आठवण द्यायची.

त्यांना अजून एक हकिगत सांगा, आणि ती तुमच्याही कामाची आहे. दक्षिण कोरियात सोलला डेव्हिड योंगी चो नावाचे पाळक होते. चर्च झपाट्याने वाढत होतं, सगळं एकट्याने ओढत होते, आणि 1964 साली उपासना चालू असतानाच कोसळले. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी बायबलमधल्या निर्गमाचा अठरावा अध्याय वाचला, सासरा इथ्रो इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला सांगतो तो: तू एकटा सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसशील तर तूही झिजशील आणि लोकही, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. चो यांनी घरोघरचे गट पाडायचं ठरवलं. पुरुष पुढारी तयार होईनात, तेव्हा गट बायकांच्या हाती दिले. त्यातूनच सोलमधल्या योइदोचं त्यांचं चर्च पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चांत गणलं गेलं. मात्र हीच गोष्ट अर्धी सांगून आपल्याकडची शिबिरं थांबतात. 2014 साली त्याच चो यांना चर्चचं मोठं आर्थिक नुकसान केल्याबद्दल कोर्टाने दोषी ठरवलं. गट वाढले म्हणजे सगळं निरोगी झालं, असं नाही.

म्हणून पैसे. त्या दोन भावांचं जे झालं ते भांडुपपुरतं नाही. गटात एकमेकांचा विश्वास बसतो आणि त्या विश्वासावर लगेच कोणीतरी उधारी मागतो, कोणी भिशी सुरू करतो, कोणी पॉलिसी आणतो, कोणाच्या साड्या निघतात. "आपल्याच माणसाकडून घ्या." नाही म्हणणाऱ्याला पुढच्या शुक्रवारी यायला लाज वाटते, आणि पैसे बुडाले की घेणाराही तोंड लपवतो. एकदाच नियम करा: गटात उसनवारी नाही, भिशी नाही, विक्री नाही. अडचण खरी असेल तर तुम्ही पाळकसाहेबांना किंवा कमिटीच्या खजिनदाराला सांगायचं, अर्थात त्या माणसाला विचारून, आणि मदत मंडळीच्या निधीतून, पावती करून जायची. तुमच्या पर्समध्ये गटाचा एक रुपयाही राहू नये. गंमत अशी, की मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या इंग्लंडच्या जॉन वेस्लीचे ते प्रसिद्ध छोटे वर्ग पैशांतूनच जन्मले. 1742 साली ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. दर आठवड्याला माणशी एक पेनी जमवायची, बाराबारांची एक तुकडी, एकाने घरोघर जाऊन गोळा करायचं, असं ठरलं. गोळा करणारे घरात शिरले तेव्हा कोण आजारी, कोणाच्या घरात भांडण, कोण पुन्हा पिऊ लागलंय हे दिसू लागलं, आणि वसुलीचं काम चौकशीचं आणि मार्गदर्शनाचं झालं. पुढे वर्ग टिकले ते त्या चौकशीमुळे. आपल्या मुंबईतही अमेरिकन मिशनरी विल्यम टेलर 1871 च्या अखेरीस आले तेव्हा मेथडिस्ट मंडळी उभी राहिली ती घरांत भरणाऱ्या अशाच लहान गटांतून.

त्यावरून तुमच्या न येणाऱ्या नऊ-दहा जणांकडे येते. त्यांची कोणी चौकशी केली का? "दिसला नाहीत" हा ग्रुपवरचा मेसेज धरू नका. ठाण्याच्या पुढून येणारा माणूस शुक्रवारी साडेसातच्या गर्दीत लोकलला लटकून आठला कसा पोचणार? एखादीच्या घरी सासू अंथरुणावर असेल. आणखी एक कारण असतं, जे कोणी सांगत नाही: खाणं. एकीने चहा-बिस्किटं ठेवली, दुसरीने समोसे, तिसरीने चिकन पुलाव. एका खोलीत राहणारी चौथी घरी बैठक घ्यायचं टाळते आणि मग यायचंही टाळते. चहा आणि खारी, बास. करंज्या-चकल्या नाताळला.

मग पाळकसाहेब आणि त्यांचा जून. सहा-सात जण येत असताना दोन गट म्हणजे दोन अर्धे गट. त्यांना भेटून स्पष्ट सांगा: यादी सोळाची असली तरी गट सातांचा आहे, विश्वासाला तडा गेलाय, आणि दुसरा गट चालवणारं माणूस अजून तयार नाही. ते माणूस तयार करायला वेळ द्या. येणाऱ्यांतली एखादी निवडा, जिला बोलता कमी येत असेल पण जी न आलेल्यांच्या घरी आपणहून जाते. महिन्यातला एक शुक्रवार तिने चालवायचा, तुम्ही कोपऱ्यात बसायचं आणि तिला मधे सुधारायचं नाही. वर्षभराने दोन गट होतील तेव्हा ते आपोआप होतील. पाळकसाहेबांना अहवालात आकडा लागत असेल, तर तो त्यांचा प्रश्न आहे.

सोडायचं का? आज नाही. थकून सोडलंत तर त्या बाईंना वाटेल आपल्यामुळे झालं. मे महिन्यात तसंही निम्मं भांडुप गावी असतं. तो महिना गट उघडपणे बंद ठेवा. घरोघरची फेरीही नको, झोपा काढा, माहेरी जा. दरम्यान कामं वाटून टाका: गाणी एकाकडे, जागा आणि चहा दुसऱ्याकडे, विसरलेल्यांना फोन तिसरीकडे, पार्श्वभूमी काकांकडे. तुमच्याकडे फक्त प्रश्न विचारणं आणि दारातला नियम राखणं राहू दे. जूनमध्ये एवढंही जड वाटलं तर पाळकसाहेबांना तीन महिन्यांची मुदत देऊन खुशाल सोडा, आणि त्याच गटात साधी सभासद म्हणून बसा.

ढोलकीचं: रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं ढोलकी आणि टाळांशिवाय गोड लागत नाहीत हे कबूल. पण भिंतीपलीकडे दहावीचं पोर असेल तर त्याला त्याचं काय? बैठकीच्या आधी शेजारी जाऊन सांगा की आठ ते साडेआठ गाणी असतील, परीक्षेच्या दिवसांत नसतील. साडेआठला ढोलकी खोळीत. स्पीकर तर सातांच्या गटाला लागतच नाही. आणि नाताळच्या करंज्या सगळ्यात आधी त्यांच्याकडे द्या.